तीन तऱ्हेची पातेली

एके काळी माझी मावशी दुकानात शिरली की दुकानदाराला घाम फुटायचा. तीस वर्षं ती वजनमापं खात्यात निरीक्षक होती. तराजू, वजनं, लिटरची मापं, कापड मोजायच्या पट्ट्या, सगळं तपासायचं आणि खोटं निघालं तर तिथल्या तिथे जप्त करायचं, हे तिचं काम. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आणि गेल्या दोन वर्षांत तिची नजर गेली. सगळी नाही. डोळ्यांच्या मधोमध धुकं बसलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्याच्या पलीकडची खिडकी उघडी आहे हे कळतं. म्हणून ती बोलताना मान जरा वळवून बोलते, आणि नवख्या माणसाला वाटतं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

त्या गुरुवारी सकाळीच तिचा फोन आला.

"फटाकडे, आज येतेच आहेस तर जरा लवकर ये. पातेली घ्यायला जायचंय. दांडीची, तीन."

फटाकडी म्हणजे मी, तिची भाची. हे नाव तिनंच ठेवलंय आणि ते चुकलंय असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. माझं पडद्यांचं आणि उशांच्या अभ्र्यांचं दुकान आहे. गुरुवारी ते बंद असतं, आणि गुरुवारी मी मावशीकडे जाते.

पातेली म्हटल्यावर माझा पारा चढला. आठच महिन्यांपूर्वी तिच्या वाढदिवसाला मी तिला पाच पातेल्यांचा सेट दिला होता. चकचकीत स्टील, एकात एक बसणारी, सगळ्यांच्या दांड्या सारख्या, झाकणं सारखी, झाकणांच्या मुठीसुद्धा सारख्या. मला घरात सगळं एकमेकांना साजेसं लागतं. धंदाच तो आहे माझा. तिची जुनी पातेली म्हणजे नुसता बाजार होता. एक काळं, एक पोचे आलेलं, एकाची दांडी लाकडी आणि तीही तारेनं बांधलेली. सेट दिला त्याच दिवशी मी ती सगळी पोत्यात भरून मोडीत घालून आले. संध्याकाळी मावशीनं विचारलं, "जुनी कुठायत गं?" मी म्हटलं, "मोडीत." ती म्हणाली, "छान केलंस."

"घरात नवा कोरा सेट असताना पातेली कशाला?" मी फोनवर विचारलं.

"तो राहू दे. जपून ठेवू. तू ये तर."

मी फार ताणलं नाही, कारण येत्या रविवारी तिच्या स्वयंपाकघराचं काय ते ठरणार होतं. झालं होतं असं, की गेल्या तीन महिन्यांत तिच्याकडे तीन घोटाळे झाले. पहिल्यांदा दूध ओट्यावरच राहिलं आणि शेजारचं रिकामं पातेलं शेगडीवर चढलं. ते तापून निळंजांभळं झालं. दुसऱ्यांदा भाताचा कोळसा झाला. तिसऱ्यांदा दांडी हाताला चटकली म्हणून तिनं फडक्यानं धरली आणि फडक्याच्या टोकानं पेट घेतला. तिनं ते लगेच नळाखाली धरलं, तिच्या केसालाही धक्का लागला नाही. पण धूर जिन्यात गेला आणि शेजारणीनं तिच्या मुलाला फोन केला.

तिचा मुलगा म्हणजे माझा मावसभाऊ. मी त्याला दादा म्हणते. माणूस लाखात एक, पण काम असं, की झोपेतही त्याला धूर दिसावा. विमा कंपनीसाठी तो आग लागलेली घरं तपासतो. आठवडाभर जळकी स्वयंपाकघरं बघणाऱ्या माणसाला आपल्या आईचं स्वयंपाकघर कसं दिसत असेल, ते वेगळं सांगायला नको. त्यानं सरळ सांगून टाकलं, "शेगडी काढू आणि तू माझ्याकडे राहायला ये. तुझी खोली रंगवून तयार आहे."

मावशीला जायचं नव्हतं. सून वाईट होती असं मुळीच नाही, गुणी आहे. पण तिथे मावशीला चहाचा कपसुद्धा कोणी विसळू देत नाही. "तिथे मी पाहुणी असते गं," ती मला म्हणाली होती. "आणि मला मरेपर्यंत पाहुणी व्हायचं नाही." मग तिनं मुलाशी करार केला. रविवारी दुपारी जेवायला ये. सगळं मी एकटी करते. एक थेंब उतू गेला, एक शीत करपलं, तर शेगडी तू काढून ने, मी निमूट तुझ्याबरोबर येते. नाहीतर शेगडी राहील आणि मीही राहीन. दादा कबूल झाला.

तर आम्ही भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलणं एकदम गुळचट.

"या आजी, बसा! सेट दाखवू? कालच आलाय. सात नग आणि वर डाव फुकट."

"डाव आहे माझ्याकडे," मावशी म्हणाली. "सुटी दाखवा. आणि एक बादली पाणी आणा. लिटरचं माप असेल तर तेही."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला तरी कुठे काय माहीत होतं? तो बादली घेऊन आला, माप आणलं, आणि काचेच्या काउंटरवर दहा-बारा पातेली मांडली. मावशीनं पहिलं पातेलं हातात घेतलं आणि मला म्हणाली, "बुडाला काय छापलंय ते वाच."

"दोन लिटर."

तिनं आतून हात फिरवला. आधी बोटं पसरून बुडाची रुंदी घेतली, मग बोट उभं धरून खोली घेतली. "नाही," ती म्हणाली. "भरा पाणी."

दुकानदार हसत हसत भरायला लागला. एक माप पूर्ण गेलं. दुसरं पाऊण गेलं आणि पाणी काठाशी आलं. त्याचं हसू तिथेच विरलं.

"पावणेदोन," मावशी म्हणाली. "तेही काठोकाठ. आणि काठोकाठ भरून उकळतं कोण?"

"आजी, तुम्ही कुठे कामाला होतात?" त्यानं जरा जपूनच विचारलं.

मावशीनं सांगितलं. तो स्टुलावर टेकला होता, तो उठून उभा राहिला. तिथून पुढे आजीची मॅडम झाली.

त्यानंतरचा एक तास मी आयुष्यात विसरणार नाही. मी रोज कापड विकते, पोत आणि वीण हातानं ओळखते, त्याचा मला गर्व आहे. पण मावशीनं त्या दिवशी मला गार केलं. तिनं एकेक रिकामं पातेलं काचेवर ठेवलं आणि काठावर चार बाजूंनी बोट दाबलं. ज्याचं बूड फुगलेलं होतं ते टकटक वाजलं. "हे शेगडीवर गिरकी घेणार. दांडी मी ठेवीन भिंतीकडे आणि सापडेल माझ्या पोटाकडे." बाजूला. मग तिनं बुडावर बोटाच्या पेरानं ठोकलं. काही पातेली किणकिणत राहिली, काहींनी नुसतं ठप् केलं. "किणकिणणारं पातळ. एका जागी तापतं आणि तिथेच जाळतं. जाड बूड गप्प असतं." आणखी चार बाजूला. काही पातेली नुसती ठेवल्याबरोबर दांडीच्या भारानं कलली. तीही गेली. उरलेल्यांत पाणी भरून तिनं एका हातानं उचलली. मनगट थरथरलं की पातेलं परत. मग बादलीत पाणी ओतून पाहिलं. काहींतून धार सरळ पडत होती, काहींतून पाणी बाहेरच्या अंगाला चिकटून खाली ओघळत होतं. आतल्या कोपऱ्यात तिनं नख फिरवलं, चमचा पोचेल अशी गोलाई आहे का, आणि दांडीच्या खिळ्यांपाशी अन्न अडकेल अशी फट तर नाही ना. झाकण बसवून ते गोल फिरवलं.

आणि हे सगळं अगदी शांतपणे. दुकानदाराला कमी लेखणं नाही, तोरा नाही. जे चांगलं असेल त्याला "वा, मन लावून केलंय कोणीतरी," अशी दाद द्यायची. मध्येच दुकानदारानं पडद्याआड तोंड घालून हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा. या काय सांगतायत ते ऐक." त्याची बायको हात पुसत आली आणि आमच्या शेजारी उभी राहिली ती शेवटपर्यंत. मावशीला दांड्या तापवून बघायच्या होत्या, तर तिनंच आतल्या शेगडीवर पाणी ठेवलं. पाणी उकळेपर्यंत मावशी दांडीवर बोट टेकवून उभी. पोकळ दांडी टोकापर्यंत तापली. भरीव आणि लांब दांडीचं टोक गार राहिलं.

शेवटी तिनं तीन बाजूला काढली. एक आतबाहेर काळपट, जाड अॅल्युमिनियमचं, लांब चपट्या दांडीचं. एक तामचिनीचं, आतून पांढरंशुभ्र, दांडी आखूड आणि समोर एक कान. आणि एक लहान स्टीलचं, लाकडी दांडीचं, काठाला धार ओतायची चोच असलेलं.

"काळ्यात पांढरं करायचं," तिनं मला सांगितलं. "दूध, भात. पांढऱ्यात रंगाचं. म्हणजे कडेनं का होईना, कुठवर आलंय ते दिसतं."

मी म्हटलं ना, माझा धंदा रंगांचा आहे. हे मला कधी सुचलं नव्हतं.

दुकानदाराला मात्र राहवेना. "मॅडम, माल तुम्ही नंबर एक निवडलात. पण तीन तऱ्हेची कशाला? या काळ्यातच तिन्ही मापं देतो. फळीवर एकसारखी शोभून दिसतील."

"कोणाला दिसतील?" मावशी म्हणाली. आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता. "मला हात लावल्याबरोबर कळलं पाहिजे, कोण आहे ते. एकसारखी असली की मी दूध एकात ओतते आणि शेगडीवर दुसरंच ठेवते."

दुकानदाराच्या बायकोनं मान डोलावली. मला मात्र एकेक आठवायला लागलं. ओट्यावर राहिलेलं दूध. तापलेलं रिकामं पातेलं. बूड पातळ म्हणून जळलेला भात. दांडी पोकळ म्हणून पेटलेलं फडकं. तिन्ही घोटाळे मीच तर चकचकीत कागदात गुंडाळून, वर रिबीन बांधून तिला भेट दिले होते. आणि जी पातेली ती डोळे मिटून ओळखायची, ती मी मोडीत घातली होती.

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच थांबले. "मावशी, ते सगळं माझ्या सेटमुळे झालं ना?"

"रस्ता ओलांडताना बोलू नये," ती म्हणाली.

पलीकडे गेल्यावर तिनं माझा दंड धरला. "माझे डोळे गेलेत, हे खरंच आहे. दादाला तेवढंच माहीत आहे आणि तेवढंच पुरे आहे. तू तोंड उघडायचं नाहीस. कबूल?"

मी खाली मान घालून हो म्हटलं.

रविवारी दादा अकरालाच आला. हातात पान्याची पेटी होती. ती त्यानं दाराशी हळूच ठेवली, पण आम्ही दोघींनी ती ठेवल्याचा आवाज ऐकला. मग तो स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला. मी स्टुलावर बसले, हात मांडीखाली दाबून, मध्येच मदतीला धावू नये म्हणून.

बेत साधाच होता. टोमॅटोचं सूप, भात, उकडलेली अंडी आणि शेवटी कस्टर्ड. कस्टर्ड मुद्दाम. दुधाइतकं दगाबाज काही नाही, आणि दादाला ते माहीत होतं. मावशीनं तिन्ही पातेल्यांना एकदा हात लावला, शाळेत बाई हजेरी घेतात तसा. तामचिनीचं सुपाला, लहान स्टीलचं अंड्यांना, काळं आधी भाताला. भात झाल्यावर तिनं तो काचेच्या भांड्यात काढला, पातेलं घासलं आणि त्यातच दूध घेतलं. दांड्या तिनं घड्याळासारख्या लावल्या होत्या, एक दहावर, एक दोनवर. दुधाशी उभी राहिली तेव्हा तिनं मान वळवली आणि पातेल्याच्या काळ्या कडेवर दुधाची पांढरी रेघ कुठे आहे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिली. चमचा सतत बुडाशी फिरत होता. ती ऐकत होती. दूध तापताना आवाज कसा बदलतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. दादा सरळ उभा राहिला. मावशीनं आधी शेगडीची तिन्ही बटणं बंद केली, प्रत्येकावर पुन्हा एकदा हात फिरवला, दूध उतरवून ओट्यावर ठेवलं, आणि मग फोन घ्यायला गेली. कोणीतरी चुकीचा नंबर लावला होता. ती परत आली, दूध चढवून शेगडी पेटवली आणि चमचा पुन्हा फिरू लागला.

कस्टर्डला गुठळी नव्हती. भाताचं शीत न् शीत मोकळं. ओट्यावर एक थेंब नाही. आम्ही जेवलो आणि दादानं सूप दोनदा घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

मग त्यानं चमचा खाली ठेवला. "आई, सुरेख झालंय. पण हा एक रविवार झाला. मी इथे उभा होतो म्हणून तू जपून केलंस. रोजचं काय? ते आधीचे तीन प्रकार मी विसरू?"

"आपलं ठरलं होतं," मावशी म्हणाली.

"ठरलं होतं. मी शब्द मोडतोय, कळतंय मला. पण मंगळवारी मी एक घर बघून आलो. तिथलीही बाई एकटीच राहायची." "मला भीती वाटते आई. मला झोप लागत नाही."

मावशीकडे उत्तर होतं, पण ती ते देणार नव्हती. तिनं टेबलावर हात पालथा ठेवला, आणि मला दिसलं की ती जायला तयार होतेय. खरोखर तयार होतेय.

"ते तीन प्रकार माझ्यामुळे झाले," मी म्हटलं.

मावशीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. मी बोलतच राहिले. फडताळातून सेट काढला आणि दादासमोर आपटला. "डोळे मीट. मीट म्हणते ना! आता दीड लिटरचं कुठलं आणि दोनचं कुठलं ते सांग."

त्यानं हात लावले, चाचपलं, दोनदा चुकला. मग मी नवी तीन ठेवली. पहिल्याच फटक्यात त्यानं तिन्ही ओळखली. डोळे उघडून त्यानं सेटमधलं एक पातेलं उलटं केलं, बुडावर अंगठा फिरवला, टेबलावर ठेवून एक टिचकी मारली. पातेलं भिंगरीसारखं फिरलं. त्याच्यातला तपासनीस जागा झाला होता. दांडी पोकळ आहे हेही त्यानं ठोकून पाहिलं. फडक्याची गोष्ट त्याला आता सांगावी लागली नाही.

"आणि जुनी पातेली?"

"मोडीत घातली. मीच."

त्यानं ते पातेलं बाजूला सारलं. "शेगडी राहील," तो म्हणाला. मग आईकडे वळला, आणि आता मात्र तो चिडला होता. "पण तू मला सांगितलं का नाहीस? तीन महिने मी तुझ्या डोळ्यांना बोल लावतोय आणि तू ऐकून घेतेस! एक शब्द बोलली असतीस तर मी विषयच काढला नसता. घर सुटत होतं तुझं!"

मावशीनं मान वळवली. म्हणजे ती त्याच्याकडे बघत होती.

"घर सुटलं असतं तर तुझ्याकडे आले असते. कुरकुर केली असती, पण राहिले असते. हिला तू ओळखत नाहीस का? थोरल्या मावशीनं हिच्या एका पडद्याला नावं ठेवली, तर चार वर्षं हिनं तिचं तोंड पाहिलेलं नाही. मी पातेल्यांना नावं ठेवली असती, म्हणजे माझा गुरुवार गेला असता."

चार नाही, साडेतीन, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि मी टेबलावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडले. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि दादा उगाचच पाणी आणायला आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी थोरल्या मावशीला फोन केला.